एसी नको, मृगाआधीची एक फेरी हवी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

गावोगावच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या वस्तुसंग्रहालयांना निधी मिळाला, की तो बहुधा इमारतीवर आणि एसीवर जातो. कोकणात नेमकं हेच वस्तूंच्या मुळावर येतं.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट मारला, की ती कोंडते, आणखी वर चढते आणि भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ कुजवते. अंदाजपत्रकात मात्र सिमेंटच असतं.

आषाढात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. ती ६५ च्या वर टिकली, की कागदाला बुरशी धरते. दिवसभर चाललेला एसी संध्याकाळी बंद झाला, की बाहेरची दमट हवा आत येऊन गार काचेवर, तोफगोळ्यांवर पाणी धरते. त्यापेक्षा मोडी दफ्तरांची एकच खोली नीट बंद करून तिथे हवेतली ओल शोषणारा डिह्युमिडिफायर आणि इन्व्हर्टर द्यावा. वीज जाणार, हे गृहीतच धरायचं.

दफ्तरांचं लॅमिनेशन तर कुणालाच करू देऊ नये. तापलेलं प्लास्टिक कागदाला चिकटतं, ते पुन्हा सुखरूप सुटत नाही. फाटलेल्या कागदाला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ पुरते. कुरडयांच्या चिकासारखंच, फक्त न आंबवलेलं. कसर लागलेला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला दफ्तराचा गठ्ठा, हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं. एवढ्या थंडीची सोय कोकणात मासळीच्या कारखान्यांत असते खरी, पण पेशव्यांच्या काळातल्या कागदाला सुरमईचा वास लागलेला बरा नव्हे. एक छोटा डीप फ्रीझर तालुक्याला पुरेल.

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात शासनाचं संग्रहालय आहे. तिथे एक प्रशिक्षित संवर्धक आणि एक गाडी द्या. गावोगावच्या संग्रहालयांत वर्षाला दोन फेऱ्या: मे महिन्यात आणि दसऱ्यानंतर. सोबत दरवर्षी न चुकता येणारी लहान रक्कम हवी: वीजबिल, सिलिका जेल, आम्लरहित खोकी आणि चुना यांच्यापुरती.

मृग ७-८ जूनला लागतो. पहिली फेरी त्याआधी व्हायची, तर आदेश मार्चअखेर निघायला हवा.

आपले,
किनारपट्टीवरील संग्रहालयांचे स्वयंसेवक