हाड दिसले तर उचलू नका

महोदय,

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डायनासोरची बातमी आली, की सोबत नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण चित्र हमखास असते. डोंगरगावच्या 'इसिसॉरस'चे मणके, बरगड्या, खांद्याची व कमरेची हाडे आणि पुढचा पाय मिळाला. कवटी नाही, मागचे पायही नाहीत. चित्रातला चेहरा नातलग प्राण्यांवरून बसवलेला असतो, एवढे तरी खाली छापावे.

तरी हा सांगाडा मोलाचा, कारण हाडे एकाच जनावराची आहेत. दंडाचे हाड जवळपास दीड मीटर, त्या मानाने मान आखूड, हे प्रमाण त्यामुळेच काढता आले. जबलपूरच्या 'टायटॅनोसॉरस इंडिकस' या डायनासोरचे नशीब वेगळे. १८७७ मध्ये इंग्रज भूशास्त्रज्ञ लायडेकर यांनी त्याचे नाव मुख्यतः शेपटीच्या मणक्यांवर बेतले. पुढून खोलगट, मागून फुगीर असे मणके पुढे कितीतरी जातींत सापडले आणि २००३ मध्ये विल्सन व अपचर्च या संशोधकांनी ते नाव बाद ठरवले. डोंगरगावच्या प्राण्याला 'इसिसॉरस' हे नाव त्याच शोधनिबंधात मिळाले.

म्हणून नाल्याच्या काठी हाड दिसले तर ओढून काढू नये. शेजारचे हाड कोणते, हे कायमचे हरवते. आधी खात्री करा: तुटलेल्या कडेला जाळीदार छिद्रे दिसली तर हाड असण्याची शक्यता, आतून एकसारखा असेल तर बहुधा चुनखडीचा गोटा. या गोट्यांनी भलेभले फसतात. मोजपट्टी ठेवून फोटो, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, कोणत्या थरात आहे याची नोंद, आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवणे, एवढेच पुरे. पाण्याने धुऊ नका. चिकणमाती फुगते, सुकताना आकसते आणि हाड तडकते. सुतारी गोंदही नको, तो नंतर नीट निघत नाही. जाणकार ॲसिटोनमध्ये विरघळणारे पॅरालॉइड बी-७२ हे रेझिन चिकटवायला वापरतात, कारण ते पुन्हा काढता येते. मग तेच भोवती चर खणून आधी ओला टिश्यू पेपर, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या लावतात. कागद विसरला तर प्लास्टर हाडाचा पृष्ठभाग सोलून नेते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्याच पिसदुरा गावच्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सिलिकाकण मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ती विष्ठा लांब मानेच्या डायनासोरांची, हे मुख्यतः जवळपासच्या हाडांवरून ठरवलेले आहे. तेव्हा सुटा गोळा मिळाला तरी जागेची चिठ्ठी त्याच पिशवीत हवी.

— भूशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, वरोरा