शिक्षकाचा पाठ कोण पाहतं? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ वजा २७ हे उदाहरण घातलं की काही वह्यांमध्ये हमखास ३५ हे उत्तर येतं. बाहेरच्याला ते नुसतं चुकलेलं गणित दिसतं. वर्गात मुरलेल्या शिक्षकाला ठाऊक असतं की या एका उत्तरामागे दोन वेगळी दुखणी असू शकतात. एका मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याला एकक-दशक उमगलेलंच नाही. दुसऱ्याने दशक सुटा केला, बारातून सात नीट वजा केले, पण दशकाच्या घरात पाचाचे चार करायचे राहून गेले. त्याचंही उत्तर ३५च. दोघांच्या वहीवर सारखीच लाल फुली मारून ‘पुन्हा सोडव’ असं लिहिलं, तर पहिला मुलगा तीच चूक दहा वेळा गिरवतो आणि ती पक्की होते.

दोघांना वेगळं ओळखायला एकच उदाहरण पुरतं: ५० वजा २७. पहिला ३७ लिहितो, कारण शून्यातून सात जात नाहीत म्हणून तो सरळ सातातून शून्य वजा करतो. दुसरा ३३ लिहितो. मग उपायही वेगळे. पहिल्याच्या हाती दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्यायच्या आणि सत्तावीस काढून ठेवायला सांगायचं. सुट्या दोनच आहेत हे दिसलं की तो आपणहून एक गठ्ठा सोडतो. दुसऱ्याला काड्यांची फारशी गरज नसते. ‘गठ्ठा सोडलास, आता राहिले किती?’ हा प्रश्न आणि पाचावर काट मारून वर चार लिहिण्याची सवय त्याला पुरे. तिसरा एखादा मुलगा असतो, ज्याला वजाबाकी येते, पण ‘बावन्नातून सत्तावीस’ असं तोंडी सांगितलं की तो २५ आणि ७२ लिहून बसतो. मराठीत आपण एकक आधी उच्चारतो आणि दशक मागून, लिहितो मात्र उलट. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाचा पर्याय आला आणि गदारोळ उठला, तो याच अडचणीवरून. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मूल कुठे अडखळतं ते समजावून सांगत राहिल्या. बदल पटो न पटो, ती चर्चा वर्गातल्या मुलाच्या नजरेतून व्हायला हवी होती. झाली ती मराठी बुडाली की तरली यावर.

हे सविस्तर लिहिण्याचं कारण असं, की शिकवणं हा व्यवसाय नेमका इथे आहे. डॉक्टरला ताप दिसतो, पण औषध तो तापाचं कारण पाहून देतो. शिक्षकाच्या या कौशल्याला आज आपल्या व्यवस्थेत वेळ दिला जात नाही आणि ते पाहायला कोणी येत नाही. शिक्षकांचा मान कमी झाला असं आपण सगळेच म्हणतो. आमच्या मते तो इथून कमी झाला.

आधी वेळेबद्दल. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झालं पाहिजे, म्हणजे दिवसाला चार तास. त्याच कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास ठरवताना तयारीचा वेळही त्यात धरला आहे. वरच्या वजाबाकीची तयारी पाहा. तीस मुलांचे तिघातिघांचे दहा गट, प्रत्येक गटाला पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, म्हणजे ५२० काड्या आणि पन्नास रबरं. मोजून बांधायला अर्धा तास सहज जातो. हा अर्धा तास आज कुठे आहे?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिक नसतो, शिपाई नसतो. ६४ मुलं हजर असतील तर माणशी १०० ग्रॅमप्रमाणे ६ किलो ४०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅमप्रमाणे १ किलो २८० ग्रॅम डाळ काढून द्यायची, साठा नोंदवहीत उतरवायचं, चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची, लाभार्थी संख्या ॲपवर भरायची, आणि हे सगळं मुलं वर्गात बसलेली असताना. आहार हवाच. त्यावरच कित्येक मुलं शाळेत टिकतात. पण ती नोंद शिक्षकानेच का करायची? मग येतात व्हॉट्सॲपवरचे संदेश: ‘आज दुपारी चारपर्यंत, अतितातडीचे, निरंक असल्यास निरंक अहवाल द्यावा.’ जी पटसंख्या युडायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर आधीच आहे, तीच पंचायत समिती एका एक्सेलमध्ये मागते आणि जिल्हा परिषद दुसऱ्या. समजा, या साऱ्यात अध्यापनातली रोज चाळीस मिनिटं गेली. २०० दिवसांचे १३३ तास होतात, म्हणजे आठशे तासांतला सहावा हिस्सा. दिवसांत मोजलं तर तेहतीस दिवस शाळा भरली, पण शिकवणं झालं नाही.

त्यात आधार. संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेतली शिक्षकसंख्या ठरवताना, मूल धरलं जायचं तर त्याचं आधार वैध लागतं. ऊसतोड किंवा वीटभट्टीवरच्या कुटुंबातल्या मुलाच्या जन्मतारखेत वा नावाच्या एका अक्षरात फरक निघाला की ते समोर बसलेलं असूनही मोजणीत येत नाही, आणि एका मुलाने आकडा खाली आला तर शाळेतला एक शिक्षक कमी होतो. मग शिक्षक पालकाला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर रांगेत उभा राहतो. राजगड तालुक्याच्या डोंगरवस्तीतल्या दोनशिक्षकी शाळेत एक जण असा बाहेर पडला, की दुसऱ्याकडे चारही इयत्ता येतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. मतदार यादीच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं आहे की ते सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर घ्यावं. आपल्या विभागानेही ऑगस्ट २०२४ मध्ये कामांची शैक्षणिक-अशैक्षणिक अशी वर्गवारी केली. तरी बीएलओची, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, नेमणूक वर्षभर चालते आणि पडताळणीची बैठक मंगळवारी सकाळी अकरालाच लागते. आदेश काढणारं कार्यालय आणि शाळा यांच्यात ‘हा वर्गाचा वेळ आहे’ असं सांगणारं अधिकारी माणूस कोणी नाही. मुख्याध्यापकाला तो अधिकार लेखी द्या.

आता पाठ पाहण्याबद्दल.

पुणे ही या बाबतीत राज्याची राजधानीच आहे. पुस्तक सेनापती बापट रस्त्यावर तयार होतं, प्रशिक्षणाचा आराखडा कुमठेकर रस्त्यावर होतो, शिक्षण आयुक्तालय आणि परीक्षा परिषदही याच शहरात. तरी या साऱ्या व्यवस्थेत शिक्षक शिकवत असताना मागच्या बाकावर बसून शांतपणे पाहणारी व्यक्ती जवळजवळ सापडत नाही. जवळपासच्या काही शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याच्या केंद्रप्रमुखाचं मूळ काम तेच होतं. आज त्यांच्या अनेक जागा रिकाम्या आहेत आणि जे आहेत ते शाळेत येऊन दप्तर तपासतात: हजेरीपट, साठा, शालेय व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त. वर्गात डोकावले तर शेऱ्यात ‘पाठ समाधानकारक’.

प्रशिक्षणाचंही असंच. राज्यस्तरावर पाच दिवस, तिथून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका. प्रत्येक पायरीवर थोडं गळतं, आणि शिक्षकापर्यंत पोहोचतात एका सभागृहात शंभर जणांसमोर भराभर पुढे सरकवलेल्या स्लाइड्स, सही आणि गटफोटो. दीक्षा या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पोर्टलवर चित्रफीत मूक करून लावून ठेवली तरी प्रमाणपत्र मिळतं, हे सर्वांना माहीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितले. ते तास असे मोजले गेले तर ते नसलेलेच बरे.

यावर उपाय महाग नाही. दर महिन्याची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद आहेच. तिचं रूप बदला. एका शाळेतल्या खऱ्या वर्गात एक शिक्षक पस्तीस मिनिटांचा पाठ घेईल. बाकीचे भिंतीकडेने बसतील आणि प्रत्येकाने फक्त तीन मुलांकडे पाहायचं: मूल काय लिहितं, कुठे थांबतं, शेजाऱ्याचं कधी बघतं. शिक्षकाकडे पाहायचं नाही. इथेच बहुतेक ठिकाणी घसरतं. निरीक्षक शिक्षकाचा आवाज, फळ्यावरचं अक्षर, शैक्षणिक साहित्याचे रंग यांवर बोलू लागतात, पाठ घेणारा स्वतःचा बचाव करू लागतो, आणि पुढच्या महिन्यात पाठ घ्यायला कोणी तयार होत नाही. म्हणून चर्चेची सुरुवात मुलांच्या वह्यांपासून करायची. वह्या टेबलावर मांडून त्यांचे गठ्ठे करायचे: बरोबर, ३५ वाले, २५ आणि ७२ वाले. चाळीस मिनिटं यावर बोलल्यावर तोच घटक दुसऱ्या तुकडीवर सुधारून घ्यायचा. ती सोय नसेल तर पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या शाळेत घेऊन एक पान टिपण आणायचं. पाठ घेणाऱ्याला गुण नाहीत, श्रेणी नाही, गोपनीय अहवालात उल्लेख नाही. ही अट पाळली नाही तर बाकी सगळं वाया जाईल, कारण ज्याच्यावरून शेरा बसणार तो शिक्षक घोकून तयार केलेला पाठच दाखवील आणि मुलांच्या चुका कोणाला दिसणारच नाहीत.

नव्या शिक्षकांसाठी हे जास्त निकडीचं आहे. शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीत २०० प्रश्न १२० मिनिटांत सोडवायचे असतात, एका प्रश्नाला ३६ सेकंद. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत त्या गुणांवर मुलाखतीशिवाय नेमणूक होते. मुलाखत नको हे आम्हाला मान्य आहे, मुलाखतीच्या खोलीत काय चालत असे हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण मग मुलांसमोर उभं राहता येतं की नाही, हे कधी पाहायचं? त्यासाठी शिक्षणसेवकाची, म्हणजे नेमणुकीनंतर मानधनावर काढायची, तीन वर्षं आहेत. आज ती फक्त कमी पैशांची तीन वर्षं ठरली आहेत. २०२३ मध्ये प्राथमिकचं मानधन सहा हजारांवरून १६,००० झालं, हे चांगलं झालं. पण काम पहिल्या दिवसापासून पूर्ण शिक्षकाचं, आणि त्याच पदाची नियमित वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू होते. पहिल्या वर्षी प्रत्येक शिक्षणसेवकाला जवळच्या शाळेतला एक अनुभवी शिक्षक जोडून द्या. पंधरवड्यातून एकदा पाठाआधी पंधरा मिनिटं बोलणं, मग पाठ पाहणं, मग वीस मिनिटं चर्चा. वर्षात अशा सोळा-सतरा भेटी झाल्या तरी माणूस घडतो. त्या अनुभवी शिक्षकाची तेवढी तासिका कमी करा, नाहीतर हेही कागदावरच राहील.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल थोडंच. २०१९-२० च्या परीक्षेतला गैरप्रकार २०२१ मध्ये इथेच, पुण्यात उघडकीस आला आणि अभ्यास करून उत्तीर्ण झालेल्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्यांनाही ती अनिवार्य केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांना दोन वर्षांची मुदत आहे. पन्नाशीच्या शिक्षकाला गाइड घेऊन एकटं बसवू नका. केंद्रातच विषयवार अभ्यासगट चालवा, भाषेचा शिक्षक गणित शिकेल आणि गणिताचा भाषा.

आमच्या बाजूचंही स्पष्ट सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचं शिकवण्यांना बंदी घालणारं कलम २८ असूनही खासगी शिकवण्या घेणारे शिक्षक आहेत. वर्षानुवर्षं पाठाच्या तयारीचं तेच टाचण उतरवून काढणारे आहेत. संघटनांच्या निवेदनांत बदली, निवड श्रेणी, टप्पा अनुदान येतं, आणि यायलाच हवं. वीस आणि चाळीस टक्के अनुदानावर आयुष्य काढणाऱ्यांनी दुसरं काय मागायचं? पण पाठाचा विषय त्यांत क्वचित असतो. ही उणीव आमची आहे आणि ती भरून काढण्याची जबाबदारीही आमचीच.

पाच सप्टेंबरच्या पुरस्काराची पद्धत तेवढी बदला. आज शिक्षकानेच स्वतःचा प्रस्ताव करायचा, छायाचित्रं, कात्रणं आणि प्रमाणपत्रं जोडून जाडजूड फाइल सादर करायची. जो गुपचूप ३५ चा उलगडा करत बसतो, त्याच्याकडे कात्रणं नसतात. प्रस्ताव बंद करा. केंद्रातल्या सहकाऱ्यांनी पाहिलेल्या पाठांवरून नावं सुचवू द्या.

विनंती एवढीच, की येत्या जूनपासून पुणे जिल्ह्यातली तीन केंद्रं यासाठी द्या: एक राजगडच्या डोंगरातलं, एक हवेलीत शहराला लागून असलेलं आणि एक महानगरपालिका शाळांचं. प्रत्येक केंद्राला एक लिपिक द्या, जो सगळ्या शाळांची आहाराची आणि ऑनलाइन माहिती भरेल. कार्यालयांकडून येणारी मागणी आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, त्याच्याकडे जाईल. जून आणि मार्चमध्ये तिसरीच्या प्रत्येक मुलाची दहा वजाबाक्यांची एक चाचणी घ्या. उत्तरं कोणत्या चुकीची आहेत त्याप्रमाणे वर्गवारी करा आणि वह्या जपून ठेवा. महिन्याच्या शिक्षण परिषदेला सूचनावाचन नको, सत्कार नको, आणि त्या दिवशी त्या केंद्रातल्या कोणत्याही शाळेकडून कोणतीही माहिती मागवू नये, असा लेखी आदेश आपल्या सहीने निघावा. निरंक अहवालसुद्धा नको.

आपले,
पुणे जिल्ह्यातील काही शिक्षक, मुख्याध्यापक आणि शिक्षक-प्रशिक्षक