मुलांच्या हाती ब्युरेट द्या

मा. संपादक,

विद्यापीठांचे रसायनशास्त्र विभाग शाळकरी मुलांना आणि सर्वसामान्यांना प्रयोगशाळेत बोलावू लागले आहेत, याचे विज्ञान शिक्षिका म्हणून मनापासून स्वागत करते. पण बहुतेक कार्यक्रमांत मुले खुर्च्यांवर बसून असतात आणि मंचावर कुणी द्रव नायट्रोजनचे ढग उठवतो, कुणी हायड्रोजनचा फुगा पेटवतो. टाळ्या कडाडतात. परतीच्या वाटेवर ‘आवाज कशामुळे झाला?’ असे विचारले की मुले एकमेकांकडे बघतात. दोष त्यांचा नाही. लगेच पुढचा प्रयोग सुरू होतो, विचार करायला उसंतच मिळत नाही.

शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे उभे राहिले ते मेणबत्ती घेऊन. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात त्यांनी काचेची नळी धरली, आतली वाफ नळीतून बाहेर आणली आणि दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली. ज्योतीत जळते ती मेणाची वाफ, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

आज तर याच्याही पुढे जाता येईल. येणाऱ्या प्रत्येकाला घरून बाटलीभर पाणी आणायला सांगा. पाण्याची दुष्फेनता, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, ईडीटीए या त्यांना बांधून घेणाऱ्या रसायनाने मोजण्याचा प्रयोग पदवीचे विद्यार्थी करतच असतात. बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) घालून सामू 10 च्या आसपास आणायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक टाकायचा, की पाणी गडद लालसर होते. मग ब्युरेटची, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीची, तोटी किंचित उघडून ईडीटीएचे द्रावण थेंब थेंब सोडायचे आणि शंकूपात्र सतत हलवत राहायचे. आधी जांभळट झाक येते आणि मग एकाच थेंबात सगळे निळे! आठवीतल्या मुलालाही हे जमते. एकाच नमुन्याला किती द्रावण लागले, याचे दोघांचे आकडे वेगळे आले, तर खरी गंमत तिथेच. कुणाचा थेंब जास्त पडला, कुणी ब्युरेट तिरक्या नजरेने वाचली, यावर ती हिरिरीने वाद घालतात. पालकांनाही बादलीवर पांढरा थर का बसतो, साबणाला फेस का येत नाही, याचे उत्तर स्वतःच्याच घरच्या पाण्यातून मिळते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. उघड्या टेबलावर मिथेनॉल पेटवून रंगीत ज्वाला दाखवणे कायमचे बंद करा. बाटलीतून पुन्हा मिथेनॉल ओतताना वाफ पेट घेते आणि पुढे बसलेली मुले भाजतात. अमेरिकन केमिकल सोसायटीने 2014 मध्येच हा प्रयोग थांबवण्याचे आवाहन केले आहे. क्षाराच्या द्रावणात बुडवलेली नायक्रोम तार बर्नरच्या ज्योतीत धरली, तरी सोडियमचा पिवळा, तांब्याचा हिरवा आणि स्ट्रॉन्शियमचा लाल रंग तितकाच स्पष्ट दिसतो.

सभागृहात तीनशे मुले बसवण्याऐवजी वीस-वीसचे गट करा, प्रत्येक टेबलाशी एक पदव्युत्तर विद्यार्थी उभा करा आणि सगळ्यांना सुरक्षा चष्मे द्या. दिवसाकाठी कमी मुले येतील, पण चालेल. विभागप्रमुखांनी पुढच्या वर्षीचे वेळापत्रक ठरवताना याचा विचार करावा, ही विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका