फिट म्हणण्याआधी शुगर बघा

संपादक महोदय,

आमच्याकडे कोण पहाटे घामाघूम होऊन असंबद्ध बडबडायला लागलं की एकतर फिट, नाहीतर 'बायरचा काय तरी' (म्हणजे भूतबाधा), आणि लगेच देवाला गाऱ्हाणं. गाऱ्हाणं घाला, माझं काही म्हणणं नाही, पण त्याच वेळी बोटाला टोचून शुगर बघायला काय जातं?

माझ्या चुलत वहिनीचं असंच. पेजेला उशीर झाला किंवा श्रावणातला उपवास असला की हात थरथरायचे, माणसं ओळखायची नाही, गुळाचं पाणी प्यायली की थोड्या वेळात ठीक, आणि मग दवाखान्यात नेऊन शुगर केली की नॉर्मल. नॉर्मलच येणार ना, गोड पाजून नेलेली! फिटच्या गोळ्या चालू झाल्या, रात्री उठून गूळ खाऊन वजन वाढलं ते वेगळंच. शेवटी एका डॉक्टरांनी त्रास चालू असतानाच शिरेतून रक्त घेतलं तेव्हा कुठे कळलं की शुगर उतरलेली असते.

निघाला इन्सुलिनोमा, म्हणजे शरीराला नको असतानाही शुगर उतरवणारं इन्सुलिन सोडत राहणारी स्वादुपिंडातली गाठ. दुर्मिळच, वर्षाला दहा लाखांत १ ते ४ जणांना, पण दहातल्या नऊ गाठी कॅन्सरच्या नसतात आणि बहुतेक २ सेंटीमीटरहून लहान, त्यामुळे पोटाच्या साध्या सोनोग्राफीत सहसा सापडत नाहीत. म्हणून आधी रक्तावर पक्कं करतात. अ‍ॅडमिट करून ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात (घरी हा प्रयोग अजिबात नको), शुगर ५५ च्या खाली गेली की त्याच रक्तात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) बघतात. बाहेरून इन्सुलिन टोचलेलं असेल तर सी-पेप्टाइड कमी येतं, गाठ असेल तर शुगर एवढी उतरूनही ते येतंच. गंमत म्हणजे घरातल्या कुणाच्या डायबेटिसच्या काही गोळ्या चुकून पोटात गेल्या तरी रिपोर्ट असाच येतो, तेही तपासावं लागतं. मग सीटी, एमआरआय, तरी नाही दिसली तर एंडोस्कोपीतून सोनोग्राफी. गाठ काढली की बहुतेक जण बरे होतात, ऑपरेशन जमत नसेल तर इन्सुलिन सुटणं कमी करणाऱ्या डायझॉक्साइडच्या गोळ्या असतात.

आता मोठ्या दवाखान्यासाठी मुंबई, कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी गाठायचं ते पुढचं. उपकेंद्रात निदान ग्लुकोमीटर आणि मुदतीतल्या पट्ट्या असू देत, आणि गोड देण्याआधीचा आकडा वेळेसकट केसपेपरवर लिहून पुढे पाठवा. त्यासाठी गोड द्यायचं मात्र अडवून ठेवू नका, आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ १०८ ला फोन करा.

– एक वाचक, देवगड तालुका