खोली क्र. ११४च्या बाल्कनीचं छत आणि तुमची ‘नैसर्गिक झीज’

प्रति,
सरव्यवस्थापक (ग्राहक सेवा),
मुख्य कार्यालय, मुंबई

दि. २७ नोव्हेंबर २०२५

विषय : दक्षिण गोव्यात सासष्टीच्या किनाऱ्यावर असलेल्या तुमच्या रिसॉर्टमधला १६ ते २० नोव्हेंबरचा मुक्काम, खोली क्र. ११४च्या बाल्कनीच्या छताचा तुकडा पडल्याबाबत

महोदय,

तुमच्या कार्यालयाची २४ तारखेची ईमेल मिळाली. ‘किनारी हवामानामुळे होणाऱ्या नैसर्गिक झिजेमुळे आपली जी गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असं तीत लिहिलं आहे आणि पुढच्या मुक्कामासाठी पंधरा टक्के सवलतीचं कूपन सोबत जोडलं आहे. कूपन परत करतो. दिलगिरी ठेवून घेतो. ‘नैसर्गिक झीज’ हे दोन शब्द मात्र मला मान्य नाहीत आणि हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बावीस वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गेली. खारा वारा लोखंडाचं काय करतो हे मी विश्रामगृहांच्या बिजागऱ्या आणि खिडक्यांचे गज बदलता बदलता शिकलो. त्यामुळे समुद्रकाठची चाळीस वर्षांची इमारत नव्यासारखी दिसावी अशी माझी अपेक्षा नव्हती. उलट आम्ही दोघं आलो ते जुनं काही तरी शिल्लक असेल म्हणूनच.

१९८९च्या जानेवारीत आम्ही तुमच्याकडे पहिल्यांदा राहिलो. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. पुण्याहून रात्रभर एसटीने पणजी, तिथून कदंबच्या बसने मडगाव आणि पुढे रिक्षा, असा प्रवास होता. जेवणघरात चार्टर विमानांनी आलेले युरोपीय पाहुणेच जास्त. पहाटे बाल्कनीतून समोर रापण ओढताना दिसायची. दोन्ही टोकांना वीस-वीस माणसं आणि मध्ये समुद्राएवढं जाळं. एके दिवशी मीही खाली जाऊन दोराला हात लावला आणि मोबदल्यात चार बांगडे मिळाले. ते तुमच्या तेव्हाच्या आचाऱ्याने तळून दिले आणि त्याचे पैसे लावले नाहीत. या वर्षी मी एकाहत्तर पूर्ण केली आणि मुलीने विचारलं, कुठे जायचंय? मी तुमचं नाव सांगितलं.

तिने तुमच्याच संकेतस्थळावरून समुद्राकडची खोली घेतली. रात्रीचे ९,४०० रुपये, चार रात्रींचे ३७,६०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४४,३६८. फोटोतली बाल्कनी पांढरीशुभ्र होती. तो फोटो कोणत्या सालचा ते त्यावर लिहिलेलं नव्हतं.

किरकोळ गोष्टी पटकन सांगून टाकतो, कारण त्या खरोखरच किरकोळ आहेत. खोलीत शिरताच कुबट वास आला आणि त्यावर मोगऱ्याचा फवारा मारलेला होता. चादरी हाताला ओलसर लागत होत्या. एसीवाला दोन दिवसांत तीनदा ‘गॅस भरून’ गेला, तरी थंड हवा काही आली नाही. बाहेरच्या युनिटच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना बोट लावलं तर त्या राखेसारख्या गळत होत्या. तिथे गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. नळाला मचूळ पाणी होतं आणि त्याचाच चहा सकाळी आला. बाल्कनीचं सरकतं दार रुळात गंजून इतकं घट्ट बसलं होतं की ते उघडायला दोन माणसं लागली. काचेवर मिठाचा थर होता. पत्नीने ती ओल्या फडक्याने बाहेरून पुसली तेव्हा कुठे समुद्र दिसला. यातल्या कशासाठीही मी पत्र लिहिलं नसतं.

आता बाल्कनी. पहिल्याच संध्याकाळी वर पाहिलं तर रंगाखाली तांबूस रेघा उमटलेल्या दिसल्या. सळया जिथून जातात नेमक्या तिथून, आखून घेतल्यासारख्या. मध्ये हातभर जागेत नवा गिलावा केलेला होता आणि त्याचा पांढरा रंग बाकीच्या छतापेक्षा ताजा. जुनी खोड म्हणून मी काठीच्या टोकाने ठोकून पाहिलं. चांगल्या काँक्रीटवर काठी टणटण वाजते. इथे भिंतीजवळ टणटण, मधल्या ठिगळापाशी मात्र रिकाम्या डब्यासारखा आवाज. मी लगेच रिसेप्शनला फोन केला. ‘सकाळी मेन्टेनन्सला सांगतो सर’, असं उत्तर मिळालं. १७ तारखेला सकाळी पुन्हा सांगितलं. दुपारी एक मुलगा आला, त्याने वर मान करून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला आणि गेला. त्याचा दोष नाही, त्याच्याकडे शिडीसुद्धा नव्हती.

त्याच दिवशी तुमच्या एका जुन्या कर्मचाऱ्याने चहा ठेवताना माझ्या पत्नीला हळूच म्हटलं, “बाय, थंय बसूं नाकात.” वेताची खुर्ची त्याने स्वतःच उचलून दाराजवळ आणून ठेवली. त्या माणसाचं नाव या पत्रात नाही आणि तुम्ही ते शोधायला जाऊ नये. तुमच्या पूर्ण व्यवस्थेत पाहुण्यांच्या डोक्याची काळजी केलेला तो एकटाच होता. संध्याकाळी खोली आवरायला आलेल्या दुसऱ्या कुणी तरी खुर्ची परत जागेवर, म्हणजे ठिगळाखाली ठेवली. ती तिथे असायची पद्धत आहे म्हणून.

१८ तारखेच्या पहाटे पावणेतीनला धाडकन आवाज झाला. दिवा लावून पाहतो तर खुर्चीची बैठक फाटून खाली गेलेली आणि फरशीवर काँक्रीटचे तीन तुकडे. पत्नी रोज सहा वाजता उठून त्याच खुर्चीत चहा घेते. तुमच्या माणसाने सांगितलं म्हणून तिने त्या दिवशी आत बसायचं ठरवलं असतं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

सकाळी सगळ्यात मोठा तुकडा मी तुमच्या भटारखान्यात नेऊन वजनकाट्यावर ठेवला. १ किलो ३४० ग्रॅम. एका बाजूला सळईची खोबण होती आणि त्या खोबणीत गंजाचे पापुद्रे. खारी बिस्किटासारखे, नखाने एकावर एक सुटत जाणारे. सळईपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर टेपने मोजलं तर ते अठरा ते वीस मिलिमीटर भरलं. आयएस ४५६ : २००० या मानकात किनारपट्टीच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी ४५ मिलिमीटर आवरण सांगितलं आहे. तुमची इमारत त्या मानकाच्या आधीची, हे मान्य. पण मग जेमतेम बोटभर आवरणाच्या इमारतीकडे दुप्पट लक्ष द्यायला हवं होतं.

‘नैसर्गिक’बद्दल आता बोलू. वाऱ्यातलं मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, हे नैसर्गिक. सळई गंजते आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, हेही नैसर्गिक. तो फुगवटा खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. पण याला एका रात्रीत नव्हे, वर्षं लागतात आणि त्या वर्षांत इमारत ओरडून सांगत असते. आधी तांबूस रेघ येते, मग सळईच्या ओळीत भेग, मग पोकळ आवाज. तुमच्या छताने हे तिन्ही सांगून झालं होतं. तुम्ही रेघेवर रंग मारला आणि भेगेत गिलावा भरला. खराब काँक्रीट पूर्ण तोडून, सळई उघडी करून, चहूबाजूंनी घासून, लागेल तिथे नवी सळई जोडून मग भरायचं असतं. मिठाने भरलेल्या जुन्या काँक्रीटवर नुसतं नवं ठिगळ लावलं की ठिगळाच्या शेजारची सळई आणखी वेगाने गंजते. म्हणजे तुमच्या खर्चाने तुम्ही रोग वाढवला. याला माझ्या खात्यात झीज म्हणत नसत, त्यासाठी दुसरे शब्द होते आणि ते गोपनीय अहवालात लिहिले जात.

रिसॉर्टचे व्यवस्थापक सभ्य गृहस्थ आहेत. पहाटे तीनला स्वतः आले, आम्हाला मागच्या विंगमध्ये हलवलं, फळांची परडी पाठवली. पण सकाळी त्यांनी मला जे सांगितलं ते तुम्हीच त्यांना पढवलं असणार. म्हणाले, सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांमुळे, मोठ्या दुरुस्तीला परवानगीच मिळत नाही. हे खरं नाही. सीआरझेडची फेब्रुवारी १९९१ची पहिली अधिसूचना आली तीतच ना-विकास क्षेत्रातल्या जुन्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती करायला मुभा होती, फक्त चटई क्षेत्र आणि जोत्याचं क्षेत्रफळ वाढवायचं नाही एवढंच. उलट सीआरझेडच्या नियमांमुळेच आज कुणाला भरतीरेषेच्या इतक्या जवळ नवं हॉटेल उभारता येत नाही. तुमची जागा तुम्हाला एकदाच मिळालेली आहे. लोक ९,४०० रुपये मोजतात ते त्या जागेचे आणि तुम्ही गेली कित्येक वर्षं त्या जागेच्या जिवावरच इमारत ढकलत आहात.

२० तारखेला निघताना बिलात एक ओळ होती : ‘फर्निचर नुकसान, १,८००’. तुमच्या छताने मोडलेली तुमची खुर्ची, आणि भरपाई आमच्याकडून. काउंटरवरच्या मुलीचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली सिस्टीममधून आपोआप आलं आणि तिने ती ओळ काढली. त्याच बिलात जेवणाच्या ११,२४० रुपयांवर दहा टक्के सेवा शुल्क, १,१२४ रुपये, हेही आपोआपच आलं होतं. ते काढायचा अधिकार तिला नव्हता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलने हे शुल्क बिलात परस्पर लावायचं नाही आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. टीप मी ज्याला द्यायची त्याला हातात दिली आहे.

माझ्या मागण्या अशा. समुद्राकडच्या विंगमधल्या सगळ्या बाल्कन्या आजच बंद करा आणि त्यांच्या खालच्या जागेत कुणी जाऊ नये म्हणून अडथळा लावा. तळमजल्यावर मुलांचा पाळणा नेमका त्याच रेषेत आहे. नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करून घ्या आणि अहवालाची प्रत मला पाठवा. हे आधी. पैशांचं नंतर : शेवटच्या दोन रात्री समुद्राकडच्या खोलीचं भाडं घेऊन आम्हाला जनरेटरच्या बाजूला ठेवलंत, तेव्हा त्यांचे १८,८०० आणि त्यावरचा जीएसटी ३,३८४, शिवाय सेवा शुल्काचे १,१२४, असे एकूण २३,३०८ रुपये परत करावेत.

लेखी उत्तरासाठी पंधरा दिवस थांबतो. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मला गोव्याला किंवा मुंबईला हेलपाटे घालायची गरज नाही, मी राहतो त्या पुणे जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, हे लक्षात घ्यावं.

कृपया तुमच्या कॉल सेंटरला आणखी एक सांगा. मुक्कामाला पाच तारे द्या म्हणून मला दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा येऊ नये.

बिलाची प्रत, छताचे सहा फोटो (पडण्याआधीचे दोन, वेळेसह) आणि काट्यावर ठेवलेल्या तुकड्याचा फोटो सोबत जोडला आहे. तुकडा माझ्याकडे पुण्यात आहे. तुमच्या अभियंत्याला पाहायचा असेल तर सकाळी दहानंतर कधीही यावं.

आपला,
खोली क्र. ११४चा पाहुणा,
पुणे