कोळशाच्या लॅबवाल्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार. घरी येऊन सांगितलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बारावीचं थर्मोडायनॅमिक्स पाठ होतं पण डोक्यात काही शिरत नव्हतं, त्यात मिथेनची हीट ऑफ कंबशन (एक मोल जळताना निघणारी उष्णता) एका पुस्तकात 890 आणि दुसऱ्यात 802 किलोज्यूल, क्लासमध्ये विचारलं तर म्हणे बोर्डाच्या पुस्तकातलं लिहा आणि पुढे चला. तुम्ही मात्र एकच प्रश्न विचारलात, जळून जे पाणी तयार झालं ते पाणीच राहिलं की वाफ होऊन उडून गेलं? एक मोल मिथेन जळलं की दोन मोल पाणी, एका मोलची वाफ व्हायला 44 किलोज्यूल, म्हणजे 890 मधून 88 वजा, झाले 802. दोन्ही पुस्तकं बरोबर! आणि तुमच्या लॅबमध्ये ह्यालाच ग्रॉस (890) आणि नेट (802) म्हणतात, हे क्लासमध्ये कोणी का नाही सांगत?

मग तो बॉम्ब कॅलरीमीटर, म्हणजे बंद भांड्यात पदार्थ जाळून उष्णता मोजायचं यंत्र. चंद्रपुरात राहून आम्ही रोज कोळशाचे ट्रक बघतो पण त्याची किंमत एका ग्रॅमच्या गोळीवरून ठरते हे माहीतच नव्हतं. आधी बेंझॉइक अ‍ॅसिड जाळायचं, कारण त्याची उष्णता पक्की माहीत आहे, ग्रॅमला 26.4 किलोज्यूल. एक ग्रॅम जाळून तापमान 2.64 अंश चढलं तर एका अंशाला 10 किलोज्यूल, हा झाला त्या यंत्राचा आकडा. आता एक ग्रॅम कोळसा जाळला आणि 1.80 अंश चढलं तर 18 किलोज्यूल, 4.184 ने भागा, किलोला साधारण 4302 किलोकॅलरी, म्हणजे जी-10 ग्रेड (कोळशाची प्रत, आकडा वाढला की प्रत उतरते), कारण ती 4300 च्या वर सुरू होते. "आणि 1.79 वाचलंस तर?" तुम्ही विचारलंत. मी भागाकार केला, 4278, थेट जी-11! तुम्ही वहीवर फ्यूज वायरची (गोळी पेटवणाऱ्या तारेची) उष्णता पण वजा करायला लावलीत तेव्हा कंटाळा आला होता, आता कळतंय का ते.

बॉम्ब बंद असतो म्हणून तिथे डेल्टा यू (आकारमान न बदलता मोजलेली उष्णता) मिळतो, डेल्टा एच (दाब न बदलता मोजलेली, पुस्तकातली) हवा तर डेल्टा एन आरटी (वायूंच्या मोलमधला फरक गुणिले आर गुणिले तापमान) मिळवायचं, मिथेनला ते साधारण उणे 5, म्हणून उणे 885 चे उणे 890 होतात. हे तर तुम्ही चहा गाळता गाळता सांगितलंत. काल इथेनॉलचं फॉर्मेशनच्या (मूलद्रव्यांपासून पदार्थ बनतानाच्या उष्णतेच्या) आकड्यांवरून एकटीने केलं, दोन वेळा कार्बन डायऑक्साइडचे उणे 393.5, तीन वेळा पाण्याचे उणे 285.8, त्यातून इथेनॉलचे उणे 277.7 वजा (ह्या उणे-उणेने अख्ख्या वर्गाला छळलंय), उत्तर उणे 1366.7, पुस्तकात उणे 1367.

खरंच खूप खूप थँक्यू ताई. आई म्हणतेय रविवारी जेवायलाच या, आणि मला एन्ट्रॉपीचं पण विचारायचंय, तेव्हा जरा वेळ काढूनच या.