‘हटो’ म्हटलं की झालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत काश्मीरच्या हिवाळी सहलींवर पानभर मजकूर वाचला. गमबूट कुठे भाड्याने मिळतात, गोंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं आधीच का काढावीत, कहवा कुठे चांगला, सगळं होतं. एक गोष्ट तेवढी नव्हती: बर्फाच्या उतारावर कोणी कोणाला सांभाळायचं. ती आम्हालाही कोणी सांगितली नव्हती, आणि माझी बारा वर्षांची नात सध्या प्रतापनगरच्या घरी पाय उशीवर ठेवून बसली आहे.

नागपूरच्या माणसाने बर्फावरच्या रहदारीबद्दल पत्र लिहावं, यावर हसू येईल, ते साहजिक आहे. आमच्याकडे उतार म्हणजे सेमिनरी हिल्सचा, आणि बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. पण हल्ली आमच्या गल्लीतूनच दरवर्षी दोन-तीन कुटुंबं गुलमर्ग नाहीतर सोलंगला जाऊन येतात. तिथे गेलं की स्की पायात बांधून एक फोटो तर हवाच.

आम्हीही बांधल्या. गुलमर्गला शिकाऊंसाठी जो सौम्य उतार आहे, तिथे. सौम्य म्हणजे किती, तर उभं राहिलं तर सपाट वाटतं आणि स्की घातली की सपाट वाटत नाही. शिकवणारा पंचविशीतला तिथलाच पोरगा होता. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची दूर करायची, म्हणजे वेग आवरतो. याला तो ‘पिझ्झा’ म्हणत होता. नातीला ते तासाभरात जमलं. पिझ्झा करत, डावीकडे-उजवीकडे वळत ती हळूहळू खाली निघाली होती. मी कडेला उभा राहून मोबाईलवर चित्रण करत होतो.

चित्रणात जे आहे तेच सांगतो. वरून एक तरुण सरळ रेषेत येतो. वळत नाही, पिझ्झा नाही, काठ्या काखेत. ‘हटो हटो हटो’ असं ओरडतो. आवाज ऐकून नात मान वळवून मागे बघते. नवशिक्याने मान वळवली की खांदा वळतो आणि खांद्यामागे पायही जातात. ती होती तशी गेली असती तर तो कदाचित तिच्या बाजूने निघून गेला असता. ती वळली ती नेमकी त्याच्या वाटेत. पुढचे दोन सेकंद पडद्यावर फक्त माझे बूट दिसतात.

नडगीचं हाड मोडलं. बाइंडिंग सुटलंच नाही. बूट स्कीला धरून ठेवणारा हा जो खटका असतो, तो पडताना सुटावा म्हणून माणसाचं वजन, उंची, वय आणि सराव बघून लावायचा असतो. आमच्या दुकानात बुटाचा नंबर विचारला होता. बाकी काही नाही.

त्या शिकवणाऱ्या पोराने पहिल्यांदा काय केलं, ते मी विसरणार नाही. आम्ही सगळे पोरीकडे धावलो, तो उलटा वर गेला. दहाएक पावलं वर चढून त्याने स्वतःच्या दोन्ही स्की बर्फात फुलीसारख्या रोवल्या आणि मग खाली येऊन तिच्यापाशी बसला. त्या क्षणी मला त्याचा राग आला होता. नंतर कळलं, जगभर हीच खूण आहे: खाली माणूस पडला आहे, वरून येणाऱ्याने बाजूने जावं. आपण रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकमागे झाडाची फांदी टाकतो, तसंच.

आता वाद. तो तरुण उठला, अंगावरचं बर्फ झटकलं आणि म्हणाला, “काका, मी किती आधीपासून ओरडून राहिलो होतो! पोट्टी मधातच!” बोलण्यावरून आपल्याकडचाच. आमच्या सहलीच्या व्यवस्थापकाने त्याचीच री ओढली. “जाऊ द्या ना जी, बर्फ आहे, घसरणारच. मधात थांबायला नको होतं तिने.” ती थांबली नव्हती, पण ते सोडा. थांबली असती तरी?

मी पस्तीस वर्षं सरकारी विमा कंपनीत मोटार क्लेमचं काम केलं. मागून धडक दिलेल्या गाडीचा ड्रायव्हर काय म्हणतो, ते मला पाठ आहे: “साहेब, हॉर्न दिला होता.” आपल्याकडे हॉर्न म्हणजे जबाबदारी पुढच्याच्या अंगावर टाकण्याचं यंत्र झालं आहे. मी वाजवला, आता सरकणं तुझं काम. वर्धा रोडवर हे रोज चालतं आणि तीच सवय आम्ही थेट विमानाने श्रीनगरपर्यंत नेली.

बर्फावरचा नियम याच्या बरोबर उलट आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये उतारावरच्या वागणुकीचे नियम केले. ते दहा आहेत. त्यातला तिसरा असा की, मागून म्हणजे वरून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशीच वाट निवडायची. खालच्याला मागे डोळे नाहीत, वरच्याला सगळा उतार समोर दिसतो. म्हणून काळजी वरच्याची. ओलांडून जायचं तर डावीकडून जा, उजवीकडून जा, पण एवढं अंतर ठेवून जा की पुढचा मनाला येईल तसा वळला तरी त्याला जागा उरेल. चुकून वळला तरीसुद्धा, हे महत्त्वाचं. नवशिक्याचं वळणं अर्धं चुकूनच असतं. ओरडल्याने कसलाही हक्क मिळत नाही. आणि दुसरा नियम वेगाचा आहे: आपल्याला जिथवर दिसतं, तेवढ्यात थांबता येईल इतकाच. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. ‘हटो’ तीनदा म्हणेपर्यंत किती अंतर संपतं, ते मी चित्रणात मोजलं आहे.

खालच्याला काहीच बंधन नाही असं नाही. उंचवट्याच्या पलीकडे, वरून दिसणार नाही अशा जागी किंवा अरुंद वाटेत उभं राहायचं नाही. पडलो तर लवकर कडेला व्हायचं. पुन्हा निघताना आधी वर बघायचं. मी स्वतः उतारात उभा राहून चित्रण करत होतो तेव्हा कडेला होतो, ते नशिबाने. कडेला उभं राहावं असा नियम आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. पायी चालणाऱ्यांनीही कडेनेच चालायचं असतं, आणि ते फक्त धडक टाळण्यासाठी नाही. गमबुटांनी दाबलेल्या बर्फात खड्डे पडतात, रात्री ते गोठतात आणि सकाळी त्यात एखाद्याची स्की अडकते. आम्ही होतो त्या उतारावर स्लेज ओढणारे, फोटो काढणारे, मक्याचं कणीस खात उभे असलेले आणि स्कीवाले, सगळे एकाच पट्ट्यात. इतवारीच्या बाजारात सायकलची शर्यत लावावी तसं.

हे नियम म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे. पण ऑस्ट्रिया, जर्मनीकडची न्यायालयं चूक कोणाची हे ठरवताना याच नियमांवर बोट ठेवतात. डिटर आल्टहाउस हे तेव्हा जर्मनीतल्या थुरिंगिया राज्याचे मुख्यमंत्री होते. १ जानेवारी २००९ रोजी ऑस्ट्रियात स्कीइंग करताना एका उतारावरून ते शेजारच्या उतारात शिरले आणि येणाऱ्यांच्या उलट दिशेने वर गेले. समोरून आलेल्या बाईंशी धडक झाली. त्या दगावल्या. यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तरी डोक्याला जबर मार लागला. ते रुग्णालयातून बाहेर येण्याआधीच, मार्चमध्ये न्यायालयाने निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल त्यांना दोषी धरून ३३,३०० युरो दंड केला. गादीवर बसलेला मुख्यमंत्री. आपल्याकडे आमदाराच्या भाच्याची गाडी असली तर फाइल कुठल्या टेबलावर थांबते, हे मी पाहिलं आहे, म्हणून हा आकडा लक्षात राहिला.

अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो यांचा खटला बऱ्याच जणांनी मोबाईलवर चवीने पाहिला. २०१६ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यात त्यांची एका गृहस्थांशी धडक झाली, खटला २०२३ मध्ये चालला. दिवसच्या दिवस घासाघीस कशावर झाली? मुख्यतः खाली कोण होतं आणि वर कोण, या प्रश्नावर. जूरीने सगळी चूक त्या गृहस्थांची ठरवली आणि पॅल्ट्रोंना त्यांनीच मागितलेला एक डॉलर दिला. त्यांच्या कपड्यांच्या बातम्या आपल्याकडच्या वाहिन्यांवरही आल्या, खालचा-वरचा हा मुद्दा मात्र कुठे दिसला नाही.

इटलीने १ जानेवारी २०२२ पासून उतारावर स्की करणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. आपल्या गाड्यांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने जो ‘थर्ड पार्टी’ लावला, तोच बर्फावर. मला हे फार पटतं. आपल्या सहलीच्या पॅकेजमध्ये ‘विमा समाविष्ट’ असं लिहिलेलं असतं, पण बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. मी आयुष्य विम्यात काढलं आणि आमच्या पॅकेजच्या विम्याचं मागचं पान मी श्रीनगरहून परतताना विमानात वाचलं. सूनबाईंनी शेजारच्या सीटवरून फक्त पाहिलं, बोलल्या काही नाहीत.

इथे नागपुरात काय करता येईल ते सांगतो. तिथले उतार, तिथली दुकानं आपल्या हातात नाहीत, पण सहलीला नेणारे इथलेच आहेत आणि निघायच्या आधी ते हॉटेलात बैठक घेतात. तिथे थर्मल कोणते घ्यायचे यावर अर्धा तास जातो. त्यातल्या पाच मिनिटांत मराठीत सांगा: पुढच्याचा हक्क पहिला, ओरडणं म्हणजे ब्रेक नाही, उंचवट्यामागे थांबू नका, वजन सांगितल्याशिवाय बाइंडिंग लावून घेऊ नका, हेल्मेट मागा आणि नसेल तर स्की परत करा. विम्यात स्कीइंग आहे की नाही, हे पावतीवर लिहून द्या. आणि कोणी कोणाला पाडलं तर व्यवस्थापकाने ‘जाऊ द्या’ म्हणायचं नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या १२५ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्या कलमात डांबरी रस्ता असं काही लिहिलेलं नाही. आपण पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा एक चौकट याला द्यावी, ही विनंती.

दहाव्या नियमात म्हटलं आहे की, धडक झाली की चूक कोणाचीही असो, दोघांनी आणि साक्षीदारांनी एकमेकांना नाव-पत्ता द्यायचा. आमच्याकडे ते झालं नाही. स्ट्रेचरची धावपळ चालली असताना तो तरुण त्याच्या ग्रुपबरोबर निघून गेला. तो हे दैनिक वाचत असेल, किंवा त्याच्या घरी येत असेल, तर त्याने कळवावं. दवाखान्याचं बिल मागणार नाही. गडबडीत पोरीची एक काठी तो घेऊन गेला आणि त्याची लांब काठी आमच्याकडे राहिली. दुकानदाराने जोडी जुळत नाही म्हणून आमच्याकडून चारशे रुपये कापून घेतले.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी,
प्रतापनगर, नागपूर